आगबोटीची वाट

आपल्या मंडळाची सहल गेल्या मार्गशीर्षात अलिबागेस गेली होती, ती बहुतेक भगिनींच्या स्मरणात असेलच. खरे म्हणजे खराडीहून अलिबागेस खोपोली-पेणचा रस्ता सरळ व सोयीचा. परंतु आमच्यापैकी कित्येक जणींनी जन्मात बोटीत पाऊल टाकलेले नव्हते, म्हणून चिटणीसबाईंनी मुद्दाम मुंबईचा वळसा घेतला, आणि भाऊच्या धक्क्यावरून आम्ही मांडव्याच्या मोठ्या बोटीत बसलो. मोटारगाड्या पोटात घेऊन जाणारी ही बोट २०२० साली सुरू झाली. तासाभराचा प्रवास; पण तेवढ्या वेळात बायकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे देता देता माझी पुरेवाट झाली. दूर समुद्रात डोंगरासारखी जहाजे नुसती उभी होती, ती का उभी आहेत? एवढे लोखंड बुडत कसे नाही? आत माणसे काय खातात, केव्हा झोपतात, घरी केव्हा येतात?

त्या गोंगाटात आपल्यातली एक भगिनी मात्र कठड्याला धरून गप्प उभी होती. तिची मुलगी आगबोटीवरची इंजिनीअर होऊन त्याच महिन्यात एका मालवाहू जहाजावर रुजू झाली होती. "पोरगी अशाच एखाद्या डब्यात असेल ना हो?" एवढेच ती म्हणाली. तिच्या शेजारणी, नातलग, सगळे तिला विचारतात, की मुलीच्या जातीला हे कशाला? तिला नीट उत्तर देता येत नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी देता आले नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटले, निदान जे मला ठाऊक आहे ते तरी लिहून काढावे.

आपण देशावरची माणसे. आपल्या खराडीच्या अंगणातून मुळा-मुठा वाहते. पण ती आपल्याला कधी मुंबईच्या समुद्राकडे नेत नाही. पाठ फिरवून ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि आपल्या नदीचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. समुद्राशी आपला संबंध आला तो मिठाचा, नारळ-सुपारीचा आणि सुक्या मासळीचा. गलबतातून आलेला माल चिपळूण, राजापूर अशा खाडीकाठच्या बाजारांत उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. आज तो संबंध तुटलेला नाही, उलट वाढला आहे. रात्री खराडी बायपासवर लोखंडी पेट्या लादलेली लांबलचक वाहने घरघरत जातात, त्यांतील कित्येक रांजणगावच्या कारखान्यांतून न्हावा-शेवा बंदरास निघालेली असतात. वीस किंवा चाळीस फूट लांबीची ती पेटी उघडायची नाही, उचलून जशीच्या तशी जहाजावर ठेवायची. ही युक्ती अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाच्या मालमोटारवाल्याने १९५६ साली रूढ केली. पहिल्या खेपेस ५८ पेट्या होत्या. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. म्हणजे आपल्या झोपेत रोज रात्री समुद्राचा व्यापार आपल्या उशाशी वाजत असतो, आणि आपण फक्त हॉर्नला नावे ठेवतो!

आता लोखंड तरंगते कसे ते पाहू. नदीवर धुणे धुताना पितळी वाटी पाण्यावर सोडली तर ती तरंगते, आणि तीच तिरकी करून पाणी आत शिरू दिले तर तळाला जाते, हे आपण लहानपणीच पाहिले आहे. जहाज हे तसलेच मोठे भांडे. आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारीपर्यंत ते खाली बसते आणि मग तोलून राहते. अधिक माल भरला की अधिक खाली बसते. किती खाली बसू द्यायचे, हा मात्र प्रश्न विज्ञानाचा कमी आणि लोभाचा जास्त होता. इंग्लंडात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मालक लोक जुनी, खिळखिळी जहाजे काठोकाठ भरून पाठवीत. जहाज बुडाले तर विमा मिळे आणि खलाशी बुडाले तर त्यांचा विमा कोणी काढलेलाच नसे. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने यासाठी भांडण मांडले. १८७६ साली प्रत्येक जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ व त्यातून गेलेली आडवी रेघ रंगविण्याचा कायदा झाला. त्यातली गंमत पुढेच आहे. ती रेघ नेमकी कोठे काढायची हे मालकांवरच सोपविले होते! ती जागा सरकारने ठरवून द्यावी यासाठी १८९० साल उजाडावे लागले.

आज त्या वर्तुळाशेजारी लहान लहान आणखी रेघा असतात. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते आणि साध्या पाण्यात बुडते, हे ज्या गृहिणीने पाहिले असेल तिला गोड्या पाण्याची रेघ वर का असते हे सांगावयास नको. खाडीच्या गोड्या पाण्यात भरलेले जहाज समुद्रात गेले की आपोआप थोडे वर उठते. दूर उभी असलेली ती जहाजे रुसून उभी नसतात, धक्क्यावर जागा मिळण्याची आणि वाट दाखविणाऱ्या वाटाड्याची वाट पाहात असतात. बंदराच्या तोंडाशी कोठे गाळ, कोठे खडक हे परक्या कप्तानाला माहीत नसते. बंदराचा माणूस शिडीने वर चढतो आणि जहाज आत घेतो.

आगबोटीवरचा संसारही एक वेगळाच गाव. जुन्या बोटींवर खलाशांचा म्होरक्या तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, सुकाणू धरणारा सुखाणी, कोठार सांभाळणारा कसाब, स्वयंपाक करणारा भंडारी, आणि खाली भट्टीच्या तोंडाशी आगवाले व कोळसेवाले. हे शब्द साहेबाच्या जहाजावरही चालत, कारण साहेबाची जहाजे चालविणारे हात फार मोठ्या प्रमाणात आपल्या लोकांचेच होते. मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी असत, आणि खानपानाच्या कामावर गोव्याचे ख्रिस्ती. गोव्यातील एकेका गावाने धोबीतलावाच्या बाजूस आपापल्या गावकऱ्यांसाठी 'कूड' म्हणजे राहण्याची खोली ठेविली होती; बोट मिळेपर्यंत माणूस तेथे पथारी टाके आणि भिंतीशी आपली ट्रंक ठेवी. पाळी चार तासांची, मग आठ तास मोकळे, मग पुन्हा चार तास. ही पद्धत अजून चालते. त्यामुळे आपली मुलगी पहाटे चार ते आठ काम करून दुपारी बाराला झोपली असली तर ती आळशी झाली असे आईने समजू नये.

या माणसांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. पहिल्या महायुद्धात दोन हजारांवर आणि दुसऱ्यात सहा हजारांवर भारतीय खलाशी व्यापारी जहाजांवर मेले. ते लढावयास गेले नव्हते. गहू, कोळसा, कापूस वाहावयास गेले होते. मुंबईस मस्जिद बंदराच्या भागात खलाशांच्या वसतिगृहात त्यांचे स्मारक आहे. कोकणातील किती घरांत त्या वर्षांत मनिऑर्डर यावयाची एकाएकी थांबली असेल, आणि तेवढ्यावरूनच बाईला काय ते समजले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कोकणचा विषय निघाला म्हणजे माझ्या सासूबाई उठून बसतात. त्यांचे माहेर दाभोळजवळचे. आज त्या पंचाऐंशीच्या घरात आहेत. सहलीला त्या आल्या नव्हत्या. परत आल्यावर त्यांनी दारातच विचारले, "बोट लागली का गं कोणाला?" आपण 'गाडी लागली' म्हणतो ना, त्याच्या आधीचा हा शब्द. घाटातल्या मोटारीत उलटी होते तिलाही कोकणातील जुन्या बायका 'बोट लागली' असेच म्हणतात.

रेल्वे नव्हती, बारमाही सडक नव्हती, खाड्यांवर पूल नव्हते. अशा कोकणाला मुंबईशी जोडणारी वाट एकच, ती पाण्यावरची. आधी पडाव, मचवे आणि पातेमाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर जात. पावसाळा लागला की दर्या बंद, नारळी पौर्णिमेला उघडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाफेच्या बोटी आल्या. शेफर्ड कंपनीचे नाव तर कोकणात घरोघर झाले होते. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्याही बोटी या किनाऱ्यावर चालत. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदर घेत पणजीपर्यंत जाई. गिरणीतला कामगार, शाळेत जाणारा मुलगा, बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक, आंब्याच्या पेट्या, हे सगळे एकाच डेकवर.

सासूबाई आठ-दहा वर्षांच्या असताना, म्हणजे १९५० च्या सुमारास, आईबरोबर प्रथम मुंबईस गेल्या. त्यांचे वर्णन मी कितीदा तरी ऐकले आहे. बोट काठाला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही. तिच्यापर्यंत पडावातून जावयाचे. पडाव आणि बोट दोन्ही लाटांवर खालीवर होत, आणि ज्या क्षणी दोन्ही जवळ येतील त्या क्षणी खलाशी बगलेत हात घालून माणूस वर फेकी. पोरे आधी, मग बोचकी, मग बायका. "नऊवारीचा काष्टा पक्का असला म्हणजे बाईला भीती नाही," असे त्यांची आई म्हणे. वर गेल्याबरोबर पहिले काम सतरंजी पसरण्याचे. ज्याची सतरंजी त्याची जागा. मग वळकटी, ट्रंक, पाण्याचा तांब्या यांचा तट उभारावयाचा. कोणाजवळ आवळासुपारी, कोणाजवळ लिंबू, कोणाजवळ आल्याचा तुकडा, आणि ज्याच्याजवळ काही नाही त्याला शेजारीण देई. रात्री सगळ्यांची डोकी एका दिशेला आणि आभाळ उघडे. सासूबाईंना सर्वांत आठवतो तो इंजिनाचा आवाज. झोपेत तो आईच्या जात्यासारखा वाटे, म्हणतात.

भाडेही कंपनी ठरवील ते द्यावे लागे, कारण दुसरी वाट नव्हती. स्वदेशीच्या लाटेत आपल्या लोकांनी आपली बोट काढावयाचे ठरविले, ते यामुळेच. दक्षिणेत तुतिकोरिनला चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली तेव्हा इंग्रज कंपनीने भाडे इतके खाली आणले की स्वदेशी कंपनीचा जीव मेटाकुटीस आला. १९०८ साली तर खुद्द पिळ्ळैच तुरुंगात पडले. कोकण किनाऱ्यावर सहकारी तत्त्वावर जी भारतीय कंपनी निघाली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. 'माझी' हा शब्द मला फार आवडतो. भाग घेणारे कारकून, शिक्षक, दुकानदार. एवढ्या मोठ्या लोखंडी वस्तूला 'माझी' म्हणावयाची त्यांना हौस होती. बोटींची नावेही साधुसंतांची ठेवीत: तुकाराम, रामदास.

मोठ्या समुद्रावर हीच झुंज एका घाटावरच्याच माणसाने दिली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे रेल्वेचे कंत्राटदार. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आपण त्यांच्याच नावाने ओळखतो. नरोत्तम मोरारजी प्रभृती मित्रांसह त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनी उभारली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट फायद्याची ठरली नाही, १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच साली गोऱ्या कंपन्यांशी करार करताना सिंदियाला आपला जहाजांचा ताफा ७५,००० टनांच्या आत ठेवण्याचे कबूल करावे लागले. परंतु त्यांच्याच विशाखापट्टणच्या गोदीत बांधलेली 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ज्या माणसाने आयुष्याचा पहिला भाग बोगदे खणण्यात घालविला, त्याला जहाजांचे वेड कोठून लागले असेल कोण जाणे!

या सगळ्या हौसेला एक काळा दिवस आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्याही आधी, ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी गेल्या होत्या. पण लोकांच्या तोंडी राहिली ती 'रामदास'. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढाची अमावास्या तोंडावर, मुंबईतील चाकरमानी गावी निघालेले. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अंतर थोडे, तास-दीड तासाचे. काशाच्या खडकाजवळ पावसाळी समुद्रातील एका मोठ्या लाटेने बोट कलली. घाबरलेली माणसे एका अंगाला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

तीन हंडे एकावर एक घेऊन चालणारी बाई जे जाणते तेच येथे झाले. भार जितका वर, तितका तोल नाजूक. आणि वरचा हंडा एकदा कलला की मानेने तो सावरत नाही. डेकवरची माणसे म्हणजे बोटीच्या डोक्यावरचा हंडा. तो हंडा जागचा हलू नये एवढ्यासाठीच आजच्या बोटींवर माणसे किती, कोठे बसवावीत याचा हिशेब करतात. मांडव्याच्या बोटीत सर्वजणी डॉल्फिन दिसला म्हणून एकाच कठड्याशी धावल्या, तेव्हा तेथील मुलाने शिट्टी मारली होती. आम्हाला तेव्हा त्याचा राग आला होता. बोट मोठी होती, काही झाले नसते हे खरे. पण शिट्टीचे कारण हे.

'रामदास'वर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबई शहर एवढे जवळ असून शहराला तासन् तास पत्ता नव्हता. वाचलेली माणसे काठाला लागली तेव्हा बातमी कळली. आणि वाचविले कोणी? रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन निघालेल्या होड्यांतून त्यांनी हाताला लागतील तेवढी माणसे ओढून घेतली. सासूबाई तेव्हा लहान होत्या, त्यांच्या घरचे कोणी त्या बोटीत नव्हते. तरी त्यानंतर कितीतरी दिवस दाभोळकडे कोणी मुंबईस निघाले की घरातील बायका खाडीच्या दिशेने दिवा लावून ठेवीत, एवढे त्यांना आठवते.

त्यानंतरही बोटी चालल्याच. दुसरी वाट नव्हती ना! पुढे चौगुले यांच्या 'कोकण सेवक' व 'सरिता' या बोटी १९७३ साली खास कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या आणि मोगल लाइनकडे काम गेले. पण एव्हाना सडक रुंद झाली होती, खाड्यांवर पूल पडत होते, एस. टी. दारात येत होती. १९८० ते ९० या दशकाच्या अखेरीस कोकणची प्रवासी बोट थांबली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली. ज्या बंदरांत पडाव बोटीला भिडत, तेथे आता मासळीच्या होड्या आहेत. सासूबाईंना बोट बंद झाल्याचे वाईट वाटते का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "वाईट कसले? पण एस. टी. त आपली सतरंजी पसरता येत नाही."

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. मुलीच्या जातीला हे कशाला, असे विचारणाऱ्यांना एक हकीकत सांगावी. केरळच्या राधिका मेनन या आपल्या व्यापारी नौदलातील पहिल्या महिला कप्तान. २०१५ च्या जून महिन्यात त्या 'संपूर्ण स्वराज्य' हे तेलवाहू जहाज नेत होत्या. ओडिशाच्या किनाऱ्यापुढे, खवळलेल्या समुद्रात, इंजिन बंद पडून आठवडाभर भरकटलेली 'दुर्गाम्मा' नावाची मच्छीमार होडी त्यांना दिसली. आतील सात जणांजवळ ना अन्न उरले होते ना पाणी. मोठे जहाज लहान होडीजवळ नेणे हे किती अवघड, ते सासूबाईंचा पडाव आठवला म्हणजे कळेल. मेननबाईंनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून सातही जणांना शिडीने वर घेतले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा समुद्रावरील शौर्याचा पुरस्कार त्यांना २०१६ साली मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्याच स्त्री. आणि हे घडले बंगालच्या उपसागरात, म्हणजे आपल्या मुळा-मुठेचे पाणी जेथे जाते त्या समुद्रात.

हे शिक्षण काही दूर विलायतेत घ्यावे लागत नाही. नदीपलीकडे लोणी काळभोरला सागरी शिक्षणाची संस्था आहे. पांढऱ्या गणवेशातील मुले सोलापूर रस्त्यावर आपण पाहतोच. समुद्रापासून इतक्या लांब बसून ती समुद्र शिकतात.

परवा ती भगिनी हळदीकुंकवाला आली होती. मुलीचा फोन येतो, पण मध्येच तुटतो, असे सांगत होती. जहाज कोठे आहे ते ती मोबाइलवर पाहते. निळ्या नकाशावर एक लहानसा बाण. सासूबाईंनी चष्मा लावून तो बाण बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, "हिला बोट लागते का गं?" पहिले चार दिवस लागली, आता नाही, असे कळले. सासूबाई आत गेल्या आणि आवळासुपारीची बरणी घेऊन आल्या. पार्सल पुढच्या बंदरात पाठविता येते का, याची आता चौकशी चालू आहे.